माळढोक कुण्या जिल्ह्याचा?

आमचे मालक शाळेत शिपाई, पण जीव सगळा पाखरात. चार वर्षं सांगून राहिले, "माळावर माळढोक हाय, माणसाच्या कमरेइतका उंच!" गावानं नाव पाडलं, थापाड्या. गावाचं सोडा, मीबी म्हणायची, "ऊन लागलंय तुमाला."

लातूर जिल्हा नवा झाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जंगलखात्याचा गार्ड गुरुबसप्पा जिल्ह्यातल्या पाखरांची यादी करायला आला. म्हणाला, "रामकिशनभाऊ, डोळ्यानं बघीन तरच लिवीन. उद्या यादी सायबाकडं जाती." मालकांना चहाबी गोड लागंना. मी पाण्याचं मडकं घेऊन संगं निघाले, गंमत बघायला.

दुष्काळानं तळ्यात परातीएवढं पाणी उरलेलं. काठावर टिटवी, बगळा, शेकाट्या लिवून झाले. मग माळ. ऊन मी म्हणत होतं. दुपार कलली तरी काहीच दिसंना. गुरुबसप्पानं पेनाला टोपण लावलं. मालकांचं तोंड एवढंसं झालं, आन् मला पहिल्यांदाच लई वाईट वाटलं.

तेवढ्यात बाभळीखाली पांढरी मान वर आली. अगं बाई! खरंच कमरेइतका! डोक्यावर काळी टोपी, चाल नवरदेवाची.

"लिवा की!" मी म्हणले.

गुरुबसप्पानं हद्दीचा दगड बघितला. "वैनी, पाखरू दगडाच्या पल्याड हाय. ते नांदेडचं. लातूरच्या यादीत कसं लिवू?"

मालक मटकन खाली बसले. माझं टाळकंच सरकलं. "आरं, त्याला काय रेशनकार्ड हाय व्हय?" पदर खोचला, वळसा घालून पाखराच्या मागं गेले आन् वरडले, "चल बाबा, लातूरला चल!"

त्यानं माझ्याकडं बघितलं, चार ढांगा टाकल्या आन् उडालं! गुरुबसप्पाच्या डोक्यावरनं, दगडावरनं, थेट आमच्या हद्दीत जाऊन उतरलं.

"आलं! लातुरात आलं!" मी पळत माघारी आले आन् तिघंबी नाचलो. गुरुबसप्पाची टोपी एकीकडं, माझं मडकं फुटलेलं. घोटघोट जपलेलं पाणी सांडलं, आन् मी येड्यावानी हसून राहिले.

गुरुबसप्पानं लिवून घेतलं. "पाहणाऱ्याचं नाव?"

मालकांनी माझं नाव सांगितलं, "पंचफुला रामकिशन."

मी म्हणले, "आवो, चार वर्षं तर तुमी बघून राहिलात!"

"मी बघितलेला कुणाला दिसला, पंचे? आज तुला दिसला, तवा तो खरा झाला."

माझ्या डोळ्याला पाणीच आलं. म्हणले, "गुरुबसप्पाभाऊ, दोघांचीबी नावं लिवा. यांचं आधी. आन् माझ्या नावापुढं लिवा, चार वर्षं उशिरा."