गुलाबी दिसणारी एसटी

अहमदपूरहून नांदेडला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत कंडक्टरताई कशालाही न धरता चालायच्या. लोह्याच्या अलीकडे रस्ता खड्ड्यांनी भरलेला होता. आम्ही बसलेली माणसं समोरची दांडी घट्ट पकडून असायचो आणि ताई मात्र गळ्यात बॅग, हातात तिकिटाचं मशीन घेऊन मधल्या वाटेनं मासोळीसारख्या फिरायच्या. मी विष्णुपुरीच्या कॉलेजात रोज अप-डाऊन करायची. हिवाळ्यात गाडीत धुकं शिरलेलं असे, निम्मे लोक पेंगत असत आणि त्या अर्धवट झोपेत ताईंचा खाकी ड्रेस पुढे-मागे तरंगताना दिसे. हे कसं जमतं, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "गाडीसंगं भांडायचं न्हाई पोरी. ती कलली की आपुनबी जराक कलायचं."

माझी सीट त्यांच्या सीटच्या मागेच. त्यामुळे पहिली विचित्र गोष्ट त्यांनी मलाच दाखवली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडीसमोर उभ्या राहून त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. "ह्या डोळ्यानं गाडी लाल हाय," त्या म्हणाल्या, "आन् ह्या डोळ्यानं गुलाबी. धुतल्यावाणी." सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं. कितीतरी वेळ त्या तशाच आळीपाळीनं डोळे झाकत होत्या. काही आठवड्यांत तो डोळा आपोआप निवळला, गाडी पुन्हा लाल झाली आणि आम्ही दोघीही ते विसरलो.

पुढल्या वर्षी ताईंच्या पायांना मुंग्या आल्या. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटे. तेही आलं आणि गेलं. मग एका उन्हाळ्यात मी त्यांना दांडी धरून चालताना पाहिलं. एका सीटपासून दुसऱ्या सीटपर्यंत त्या अंदाज घेत पाय टाकत होत्या. पांढऱ्या टोपीच्या एका गृहस्थानं मोठ्यानं विचारलं, "बाई, सकाळी सकाळी घेतली काय?" गाडी हसली. ताईंनी त्यांच्या हातात तिकीट ठेवलं. "घेतली अस्ती तर सरळ चालले अस्ते, मामा," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पण आपल्या सीटवर येऊन बसल्यावर त्या लोह्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला सोबत घेतलं. त्यांचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणायची, त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं; ते बंद ठेवून तेही आले. मेंदूचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, हा मल्टिपल स्क्लेरॉसिस. अंगातली आजाराशी लढणारी ताकदच चुकून स्वतःच्या नसांवरचं आवरण खाते, मग मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. दाजींना ते लगेच कळलं. "वायरवरलं प्लास्टिक गेल्यावाणी," ते म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. इंजेक्शनानं आजाराचा वेग कमी होईल, झालेलं नुकसान मात्र सगळं भरून येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. परतीच्या गाडीत दाजी एकदम म्हणाले, "दुसरी वायर टाकता येत न्हाई का?" ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

गाडीवरचं काम सुटलं. स्टँडवर गाड्या पुकारायचं काम मिळालं. उदगीर, लातूर, नांदेड ही नावं त्यांच्या आवाजात अशी यायची की ती गावं फार लांब, कुठल्या तरी ढगाखाली असावीत. हळूहळू शब्द जिभेवर रेंगाळू लागले. लोकांना त्याची सवय झाली, ताईंना झाली नाही. एक दिवस त्या माइक बंद करून घरी आल्या, त्या पुन्हा गेल्या नाहीत.

मी तोवर लातूरला नोकरीला लागले होते. सुट्टीत गेले तर दाजींनी घरभर भिंतीला लोखंडी पाइप जोडलेले. पलंगापासून चुलीपर्यंत, चुलीपासून अंगणापर्यंत. "घराची बस करून टाकली यांनी," ताई म्हणाल्या. आधी आजार येऊन जायचा, पाहुण्यासारखा. आता तो मुक्कामाला आला होता. नवा झटका येत नव्हता, तरी दर खेपेला काहीतरी कमी झालेलं दिसे. उन्हाळा त्यांचा वैरी. ऊन चढलं की त्यांचे पाय विरघळल्यासारखे व्हायचे. दाजी ओली चादर पांघरवून त्यांना कूलरपुढे बसवत.

दाजींनी चाकाची खुर्ची आणली, तेव्हा मात्र ताईंनी ती न्हाणीच्या मागे ठेवायला लावली. "तिच्यात बसले की झालं माझं," असं म्हणत. लग्नकार्याला जाणं सोडलं, बाजार सोडला. एका वैशाखात दाजी दुकानात असताना त्या अंगणात पडल्या. पाइप हाताच्या अंतरावर होता, पण हातच उचलेना. तापलेल्या फरशीवर त्या शेजारीण येईपर्यंत पडून होत्या. दाजी धावत आले आणि रडायला लागले. ताई त्यांना म्हणाल्या, "रडू नका. ती खुर्ची पुसून घ्या."

दुसऱ्या आठवड्यात ताई त्या खुर्चीत बसून बाजारात गेल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतः वांगी निवडली. मला फोनवर सांगताना जीभ अडखळत होती, पण किती बोलू आणि किती नको, असं त्यांना झालं होतं. मग त्या लेकीबाळींच्या लग्नांना जाऊ लागल्या. आपण काय काय गमावून बसलो होतो ते एकेक करून वापस आणत होत्या, चालणं सोडून.

एका पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि त्या गेल्या. मी पोचले तेव्हा दाजी भिंतीचे पाइप एका कापडानं पुसत बसले होते. मीही एक कापड घेतलं.

मला आठवते ती त्याच्या आधीची थंडी. त्यांना नदी पाहायची होती, म्हणून आम्ही तिघं विष्णुपुरीला गेलो. धरणामागे गोदावरीचं पाणी नुसतं पसरलं होतं, हलत नव्हतं, आणि पलीकडचा काठ धुक्यात गेला होता. दाजींनी त्यांना उचलून काठच्या दगडावर बसवलं, मागून धरलं. मी त्यांचे पाय पाण्यात सोडले. ताई बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होत्या.

"गार हाय का?" त्यांनी विचारलं.

"लई गार हाय, ताई."

त्यांनी डोळे मिटले. "सांग मंग," त्या म्हणाल्या, "कसं लागून राहिलं ते."

मी चपला काढल्या, त्यांच्या शेजारी बसून माझेही पाय पाण्यात घातले आणि सांगायला लागले.