सहा गोळ्या आणि आईचे गुडघे

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन जालन्याला झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, नाहीतर सांधे आखडतील आणि मग कायमची खाट. आईनं त्यांच्यासमोर शहाण्यासारखी मान डोलावली, आणि घनसावंगीजवळच्या आमच्या गावी पोचताच खाटेवर जी बसली ती बसलीच. वॉकर धरून संडासापर्यंत जायची, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं. शाळेला उन्हाळी सुट्टी म्हणून मी माहेरी मुक्कामाला होते. माझी सगळी मास्तरकी तिच्यापुढे वाया गेली. महिना उलटला. आता ही उठतच नाही की काय, अशी मला खरोखर भीती वाटायला लागली.

तिला एकच उद्योग उरला होता. दुपारी जेवण झालं की टीव्हीवर हिंदीत केलेले तेलुगू सिनेमे. नायकाच्या बापाला मारलेलं असतं, जमीन बळकावलेली असते, आणि नायक एका ठोशात सात माणसं हवेत उडवत बदला घेतो. एकदा मी म्हटलं, "बघ, सहा गोळ्या लागल्या, तरी कसा चालून राह्यलाय!"

"त्याचे गुडघे सोताचे हायेत," आई म्हणाली.

बदल्याचं तिला जरा जास्तच कळायचं. भिंतीला भिंत लागून तिची धाकटी जाऊ, म्हणजे माझी काकू राहते. दोघींचा आठ वर्षांचा अबोला होता, आणि कारण एक साडी. काकूच्या लेकीच्या लग्नात आईनं केलेल्या आहेरातली साडी, माझ्या भावाच्या लग्नात काकूनं आईलाच आहेर केली. आहेराच्या साड्या घरोघर फिरतातच, पण निघाली तिथंच ती परत यावी, हा काकूचा वेंधळेपणा. आईला मात्र तो डाव वाटला. खुद्द आईकडे ती साडी कुणाच्या तरी आहेरातूनच आली होती, पण हे तिला सांगायची कुणाची छाती? खलनायक पडद्यावर आला की आई काकूच्या भिंतीकडे बघायची.

मे महिन्यातली ती दुपार. सिनेमा शेवटाला आला होता आणि मी आईच्या गोळ्या आणायला मेडिकलवर गेले होते. परत येते तर लाईट गेलेली, पंखा बंद आणि खाट रिकामी. वॉकर भिंतीला टेकून उभा. मोरीत पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं. कुठे पडली असेल? तेवढ्यात शेजारून मारामारीचा आवाज आला. आमच्या गल्लीत लाईट गेल्यावर टीव्ही चालतो तो फक्त काकूकडे, कारण तिच्याकडे इन्व्हर्टर आहे.

धावत तिच्या दारात गेले. दोघी एकाच पलंगावर, डोळे टीव्हीवर.

"आई, तू इथं कशी आलीस?"

"चालत. गप बैस, मारून राह्यला त्याला."

काकू माझ्या कानाशी लागली. "दारात येऊन म्हणल्या, लाईट गेली. मंग मी म्हणलं, बसा बाई."

आठ वर्षांचा अबोला एवढ्यावर मिटला होता.

नायकानं खलनायकाला लोळवलं, पण जिवे मारलं नाही. कॉलर धरून त्याला पोलिसांच्या हवाली केलं.

"कोर्टातच द्यायचं व्हतं, तर एवढी धावाधाव कशाला केली यानं?" काकू वैतागली.

"न्हाई तर काय! बिलकुल मजा घालवली," आई म्हणाली.

न्यायाच्या प्रश्नावर दोघींचं एकमत झालेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

निघताना मी हात पुढे केला. आईनं तो बाजूला सारला आणि भिंतीला बोटं टेकवत, एकेक पाऊल टाकत घराकडे निघाली. वीसेक पावलं असतील. मी मागून दोन्ही हात पसरून चालत होते, रडत होते आणि हसतही होते. इतका आनंद मला स्वतःच्या नोकरीचा झाला नव्हता.

घरात येऊन ती खाटेवर टेकली, पदरानं घाम पुसला. मी म्हटलं, "चहा टाकते. काकूलाही बोलावते."

"तू चहाचं बघ," खाटेचा कठडा धरून उठत आई म्हणाली. "तिला मी बोलावून आणते."