हॅरिंग्टनांचा मूळ गाव

रत्नागिरीच्या बंदराला आगबोट लागायची म्हणजे काठाला लागायची नाही. ती दूर पाण्यात धूर सोडत उभी राहायची आणि उतारूंना पडावातून काठावर आणावं लागायचं. अशा एका पडावाच्या सुकाणूवर काळा, रुंद खांद्यांचा, घाऱ्या डोळ्यांचा एक माणूस बसलेला असे. एखादा मुंबईचा चाकरमानी गंमत म्हणून विचारी, "नाव काय हो तांडेल?"

"भिवा हॅरिंग्टन."

यावर चाकरमानी हसे, आपली थट्टा चालली आहे असं वाटून रागावे, किंवा पाण्यात पडता पडता वाचे. पडावातले खलाशी मात्र निर्विकार. त्यांना त्यात नवल नव्हतं. वाडीत एक मयेकर होता, एक नेवरेकर होता, तसा एक हॅरिंग्टन.

गोष्ट उघड होती, आणि लपवायची असती तरी वाडीने लपू दिली नसती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी हॅरिंग्टन नावाचा एक गोरा अंमलदार बंदरावर होता. भिवाची आई येसूबाई त्याच्या बंगल्यावर झाडलोट करी. पुढे भिवा झाला. पुढे साहेबाची बदली झाली. जाताना त्याने प्रामाणिकपणाचा एक झटका येऊन कारकुनाला सांगितलं, "पोराला माझं आडनाव लावा." आणि आगबोटीत बसला. लोकांचे बाप घर ठेवतात, चार कलमं ठेवतात, निदान भांडायला एक चुलता ठेवतात. या बापाने आडनाव तेवढं ठेवलं, आणि तेही असं, की गावच्या देवाला उच्चारता येईना.

डोळ्यांचं कुणाला काही वाटत नसे. घाऱ्या डोळ्यांचा रत्नागिरीत कधी दुष्काळ पडलेला नाही. अडचण होती ती मूळ गावाची. कोकणात माणसाला एक वेळ अक्कल नसली तरी चालते, मूळ गाव लागतो. देवळात गाऱ्हाणं घालायचं तर गुरव आधी मूळ गाव सांगतो, तिथली देवी, तिथला रखवालदार, मग माणसाचं नाव. गाव नसलेल्याचं गाऱ्हाणं देवापर्यंत जायचं कुठल्या वाटेने? म्हणून भिवाचं गाऱ्हाणं आजवर कुणी घातलंच नव्हतं. त्याचं लग्नही अशाच एका पोरक्या पोरीशी उरकलं होतं. ती बाळंतपणात गेली, आणि मागे राहिली बकुळा.

बकुळा सतरा वर्षांची झाली आणि सोयरीक घरी चालून आली. हेदवीच्या भागोजीच्या घरून, पोरगा स्वतः मासेमारीचा मचवा चालवणारा. पोराने बकुळाला मासळीच्या लिलावात पाहिलं होतं. एका व्यापाऱ्याने बांगड्यांचा भाव पाडला तेव्हा ती त्याला जे बोलली, ते ऐकून पोरगा घरी जाऊन म्हणाला, "करीन तर हिच्याशीच." असल्या पोरांचं पुढे काय व्हायचं ते होतंच, पण तेव्हा त्यांना समजावून उपयोग नसतो.

भागोजी सज्जन होता. म्हणाला, "भिवा, तुजा बाप कोण व्हता ते मी इचारत नाय. पोरगी चोख हाय. पण माज्या भावकीला सांगायला मला गाव पायजे. कुठला का असंना, गाव पायजे. आणि तुमच्या देवाचा कौल पायजे."

भिवा तडक शाळेत गेला. तिथल्या आप्पा मास्तरांना कुणी काही विचारलं की आधी स्वतःच्या ज्ञानाचा गहिवर येई. त्यांनी नकाशाचं जाडजूड पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि इंग्लंडवरून बोट फिरवत ओरडले, "सापडला रे! हा बघ हॅरिंग्टन! आणि कुठे? तर समुद्रकाठी! बंदर आहे बंदर!"

"म्हंजे आडनाव गावावरनं?"

"अरे, इंग्रज म्हणजे कोण? तुझ्यामाझ्यासारखाच. नेवऱ्याचा तो नेवरेकर, हॅरिंग्टनचा तो हॅरिंग्टन. शेवटी 'टन' आहे ना, ती म्हणजे त्यांची वाडी. फक्त 'कर' लावायला विसरले. तो त्यांनी आपल्यावर लावला."

भिवाला विनोद कळला नाही. तो नकाशावरच्या त्या टिंबाकडे बघत होता. मग त्याने त्यावर अलगद बोट ठेवलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं तरी त्याला बोट काढायचं भान राहिलं नाही.

आठवडाभर वाडीत भिवा वेगळाच चालत होता. छाती पुढे काढून. "आमचा गाव बंदराचा हाय," असं तो पडावातल्या परक्या उतारूंनाही सांगू लागला. बकुळा म्हणे, "बाबा, पुरे आता, लोक हसतायत." पण तीही हसत होती, आणि कोणी बघत नाही असं पाहून केसात अबोली माळत होती.

कौलाच्या दिवशी भागोजी चार भावकीवाले घेऊन देवळात आला. दादू गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग घसा साफ करून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुजा लेकरू भिवा तुज्या पायाशी उभा हाय. त्याचा मूळ गाव हारिंगटन..."

"व्हय म्हाराजा!" मंडळी गरजली.

"सात समुद्रापलीकडं, बंदराचा गाव! थयली जी काय देवी असंल, जो काय रखवालदार असंल, टोपीवाला असंल तर टोपीवाला, त्याला साक्ष ठेवून..."

"व्हय म्हाराजा!"

सगळे पाषाणाकडे बघत राहिले. एकही पाकळी हलेना. दादू गुरवाने आवाज चढवला, विनवण्या केल्या, शेवटी देवाला दोन शब्द ऐकवलेही. देव ढिम्म. अखेर घाम पुसत तो म्हणाला, "देवाला वाट गावत नाय. नुसत्या गावाच्या नावावर कसा जाईल बापडा येवढा लांब? भिवा, थयल्या देवीचं नाव काढून आण."

"शिमग्यानंतर येतो," भागोजी म्हणाला. "नीट चौकशी कर."

आता हॅरिंग्टनच्या ग्रामदेवतेची चौकशी रत्नागिरीत कुणाकडे करावी? भिवाला बत्तीचा साहेब आठवला. किल्ल्यावरची समुद्राची बत्ती तपासायला दरसाल एक म्हातारा गोरा साहेब येत असे, आणि भिवाच्याच पडावातून उतरत असे. तांबड्या चेहऱ्याचा, गप्पिष्ट, मोडकीतोडकी हिंदुस्थानी बोलणारा. यंदा तो पडावात बसताच भिवाने विचारलं, "साहेब, हॅरिंग्टन गावची देवी कोण?"

साहेबाने पाइप तोंडातून काढला. भिवाने सगळी हकिगत सांगितली. साहेबाने हसू दाबून विचारलं, "तुझा बाप आला कुठून होता?"

"ते नाय ठावूक. आय सांगायची, दारू चढली का 'केरी, केरी' म्हणून रडायचा. आमी समजलो, बायकोचं नाव."

साहेबाचं हसू गेलं. "केरी आयर्लंडात आहे. माझं घर त्याच्या शेजारच्याच परगण्यात. बाबा रे, तुझा बाप इंग्रज नव्हता."

"पण गाव हॅरिंग्टनच ना?"

"इंग्लंडात हॅरिंग्टन नावाची गावं आहेत, त्यांच्यावरून तिकडच्या घराण्यांचं आडनाव पडलं, हे खरं. पण केरीकडचे हॅरिंग्टन मुळात हॅरिंग्टन नव्हेतच. आमच्या भाषेत त्यांचं आडनाव ओ हुंगर्दाल असं काहीसं होतं. इंग्रजांचं राज्य आलं. त्यांच्या कारकुनांना ते म्हणता येईना, म्हणून त्यांच्यातलंच एक जवळपासचं आडनाव डकवून दिलं. हळूहळू लोक आपलं विसरले."

सुकाणू भिवाच्या हातात होतं म्हणून पडाव सरळ चालला होता, एवढंच. "मंग त्या जुन्या आडनावाचा गाव कंचा?"

"त्यात गाव नाही. ओ म्हणजे नातू, वंशज. अमक्या माणसाचे वंशज, एवढाच अर्थ. आमच्याकडे आडनाव गावावरून फारसं पडत नाही. बापावरून पडतं, आज्यावरून पडतं."

"नि बापच निगून गेला आसंल तर?"

साहेबाने पाइप पेटवायचा प्रयत्न केला. वारा फार होता. पडाव काठाला लागला, साहेब उतरला, दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "तू हॅरिंग्टनच सांग. कोण तपासायला जातोय?"

शिमगा झाला. भागोजी आला, भावकी आली, पाकळ्या चिकटल्या. वाटेत भिवाने दादू गुरवाला सगळं सांगितलं होतं आणि गुरवाने कपाळावर हात मारला होता. "अरे, देवाला इंग्लंड काय नि आयर्लंड काय? दोन्ही पाण्यापलीकडंच! मी घालतो गाऱ्हाणं हारिंगटनचं. तू फकस्त व्हय म्हण."

"बा देवा म्हाराजा! तुज्या लेकराचा मूळ गाव हारिंगटन..."

"थांबा गुरवांनू," भिवा म्हणाला. "तो गाव आमचा नाय."

मंडळींचा 'व्हय म्हाराजा' अर्ध्या वाटेत अडकला. भागोजीने विचारलं, "मग कंचा?"

"कंचाच नाय. बापाच्या माणसांना बी तो दुसऱ्यानं चिकटवला व्हता."

भागोजी त्याला बाजूला घेऊन गेला. "भिवा, खुळा काय तू? हारिंगटन म्हण नि मोकळा हो. मी काय आगबोटीत बसून बघायला जातोय?"

"जल्मभर लोकांनी इचारलं, तुजा गाव कंचा. येकदा तरी खरा मिळंल असं वाटलं व्हतं, भागोजीबा. देवापुढं उभा राहून खोटा कसा सांगू?"

"खरा नाय, खोटा सांगवत नाय," भागोजी म्हणाला. "मंग मी भावकीला काय सांगू?" त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. मग त्याने डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि चार जणांना घेऊन वाटेला लागला. आणलेला नारळ तो तसाच परत घेऊन गेला. दादू गुरवाने दोन्ही पाकळ्या हाताने पुसून काढल्या.

घरी बकुळाने ताट वाढलं. भिवा जेवायला बसला, पण घास उचलेना.

"एक शब्द म्हणायचा व्हता, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या बापाला लाज वाटली नाय, त्याच्या बापाला लाज वाटली नाय, मास्तरांना नाय, गुरवाला नाय, भागोजीकाकांना नाय. साऱ्या जगात येकट्या तुमालाच कशी वाटली? नि ती बी माज्याच टायमाला?"

बकुळा रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने ओटीवर बसून शिंपल्यातली कालवं फोडायला घेतली.

मचव्यावरचा पोरगा दोन महिने हटून बसला, मग हट्ट संपला. पुढल्या वैशाखात त्याचं लग्न ठरलं, रत्नागिरीजवळच्याच एका घरातल्या मैनेशी. तिचा मूळ गाव देवरूखकडचा, देवी ठाऊक, रखवालदार ठाऊक, सगळं जिथल्या तिथे. लग्न हेदवीला, म्हणून वऱ्हाड आगबोटीने निघालं, आणि ते आगबोटीपर्यंत पोचवायला पडाव लागला तो भिवाचा. दुसरा तांडेल तापाने पडला होता.

भिवाने सुकाणू धरलं. भर वाऱ्यात आगबोटीची शिडी डुगडुगत होती. नवरी घाबरली, तिच्या आईने हाका मारल्या, तेव्हा भिवानेच तिला बखोटीला धरून वर चढवलं. वरून तिच्या बापाने वाकून हाक दिली, "उपकार झाले हो तांडेल! नाव काय तुमचं?"

"भिवा," तो म्हणाला, आणि पडाव काठाकडे वळवला.

परतताना पडाव रिकामा होता. काठावर बकुळा मासळीची टोपली घेऊन उभी होती. तिने आगबोटीचा धूर पाहिला, बापाला पाहिलं. दोघांनी टोपली दोन बाजूंनी धरली आणि बाजाराकडे चालू लागले. ती टोपली पुढे कित्येक वर्षं त्या दोघांनीच धरली.