चारशे बारा नोंदींचा घाग

दौलत घाग स्वतःला कॉम्प्युटरवाला म्हणवून घ्यायचा. भांडवल काय, तर डोंबिवलीतला तीन महिन्यांचा क्लास आणि गळ्यात टाय. शहाण्णव साली आमच्या मासळी विक्रेत्यांच्या संस्थेने ठाण्याच्या कचेरीत सर्व्हर बसवला आणि कल्याण शाखेत हे ध्यान आमच्या बोकांडी बसवलं. नव्या बाजारातले ओटे जुन्या रजिस्टरात नाव असलेल्या बायकांनाच मिळणार होते. रजिस्टरात एकेकीचं एकेक पान होतं. ती नावं कॉम्प्युटरवर चढवायची होती.

सर्व्हर बसवणारा माणूस घागला आणि मला बजावून गेला होता, "इथलं मशीन आणि ठाण्याचा सर्व्हर, दोन्हीकडे एकच अक्षरसंच लावा. नाहीतर मराठी तिकडे पोचणार नाही."

"अरे, हा मला शिकवतो?" घाग म्हणाला आणि संच न जुळवताच कामाला लागला. चाचणीला त्याने स्वतःचं नाव टाकलं, तेही इंग्रजीत. ते सुखरूप पोचलं; इंग्रजी कुठल्याही संचात पोचतंच. मग मराठीत बायकांची नावं चढवली आणि ठाण्याला फोन करून नोंदी मोजून घेतल्या. चारशे बारा. एक तरी नाव उघडून वाचावं, एवढीही तसदी या विद्वानाने घेतली नाही. आकडा जुळला म्हणून रजिस्टरं रद्दीत काढली. मी गप्प बसलो, याची मला अजून किळस येते.

ओट्यांची यादी छापून आली. चारशे बारा ओळी, नुसती प्रश्नचिन्हं.

विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर तीस वर्षं पाटी घेऊन बसणारी शेवंती समोर उभी राहिली. "माजा नाव कुठं गेला, साहेब?"

"मावशी, डेटा आहे, फक्त दिसत नाहीये," घाग म्हणाला.

साफ खोटं. सर्व्हरला अक्षरं कळलीच नव्हती. त्याने त्यांच्या जागी चिन्हंच साठवली होती.

"जुन्या रजिस्टराचं पान आणा, मग बघू." रजिस्टरं विकणारा हा, आणि पान आणायचं तिने!

दुसऱ्या दिवशी तिने खरंच नऊ पानं आणली, ओली, बोंबलाच्या वासाची. आमची रद्दी मासळी बांधायला तिनेच घेतली होती. तिला वाचता येत नव्हतं. उरलेल्या कागदांत तिचं नाव मुलीने, रतनने, ओळखलं. घागने नाकाला रुमाल लावला. पानं मी घेतली.

"बाकीची?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकांना बांदून दिली," ती म्हणाली. "शेजारणींची नावा मीच वाटली, भाऊ."

घाग फोनवर ठाण्याला सांगत होता, "नऊ क्लिअर, सर. चारशे तीन पेंडिंग."