उभेरावांची खुर्ची

गल्लीने त्यांचं नाव उभेराव ठेवलं होतं. चौतीस वर्षं साहेबाच्या केबिनबाहेर शिपाई म्हणून उभं राहिलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? बायको म्हणायची, "लग्नातसुद्धा हे बसले नाहीत. फोटोत बघा, मी बसलेय आणि हे पहारा देतायत."

निवृत्तीनंतर मज्जातंतूंचा आजार झाला आणि पाय गेले. बायको त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मोरीपर्यंत ओढत न्यायची. फरशीवर चार चरे उमटले आणि तिचा उजवा खांदा निकामी व्हायला आला. लेकीने स्पष्टच सांगितलं, "आई, चाकाची खुर्ची मिळाली तर ठीक, नाहीतर बाबांना आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेत ठेवावं लागेल." उभेराव भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होते.

सरकारी दवाखान्यात बायकोने चौकशी केली. यादीतली साधी खुर्ची फुकट मिळत होती. ती नको असेल तर तिच्या किमतीएवढी मदत घ्यायची आणि पदरची भर घालून हवी तशी खुर्ची आणायची. पण दोन्हींसाठी तपासणीस बाई घरी येऊन बघणार होत्या.

बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. चौतीस वर्षांची सवय ती! टेबलाची कड धरून, थरथरत, घामाघूम होत उभेराव उठले. "या मॅडम."

"अरे वा, उभं राहता येतं की!" बाईंनी कौतुकाने लिहून घेतलं.

"अहो, बसा, बसा!" बायको ओरडली. ते बसले कसले, कोसळले. पण फाईल तोवर मिटली होती.

पत्र आलं: गरज सिद्ध होत नाही. ते घेऊन बायको एका धर्मादाय ट्रस्टच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं. "काकू, निधी नाही म्हणून दवाखान्याने नकार दिला असता तर आम्ही मदत केली असती. इथे तर काकांना गरजच नाही असं लिहिलंय."

"मग घरी येऊन त्यांना उचलून दाखव," काकू म्हणाल्या आणि परत आल्या.

फेरतपासणीला सात महिने लागले. तोवर गल्लीत थट्टा व्हायची, की उभेरावांना या खेपेला खुर्चीला बांधून ठेवा. पुढे पुढे त्यांची अवस्था बघून ती करायलाही कुणाची जीभ रेटेना. आदल्या रात्री बायकोने बजावलं, "अहो, आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही."

या वेळी टाय लावलेले साहेब आले. उभेरावांचे हात आपोआप टेबलाकडे गेले. त्यांनी जोर लावला, मान ताणली, पण कंबर जागची हलली नाही.

"बघा साहेब, उठता येत नाही यांना!" परीक्षेत पास झाल्याची बातमी द्यावी तशी बायको बोलून गेली. मग तिने पदर तोंडाशी धरला.

साहेबांनी नीट तपासलं. माणूस भला होता. "आता पाठही ताठ राहत नाहीये. यादीतल्या खुर्चीत हे घसरतील. खास आधाराची लागेल. तिचा विभाग वेगळा, अर्ज वेगळा. वर्ष-दीड वर्ष जाईल. मधल्या काळात भर घालून घ्यायची म्हणाल, तर पदरची भरच साध्या खुर्चीच्या किमतीहून मोठी होईल."

बायको डाव्या हाताने उजवा खांदा चोळत राहिली. लेक दाराशी उभी होती. संस्थेत एक खाट रिकामी झाल्याचा निरोप तिला सकाळीच आला होता.

"साहेब," उभेरावांनी विचारलं, "संस्थेत असते का ही खुर्ची?"

"असते. संस्थांना त्यासाठी वेगळा निधी मिळतो."

"म्हणजे मी घर सोडलं की लगेच?"

साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं, परत लावलं. "हो. नियम तसा आहे."

उभेरावांनी बायकोच्या खांद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मग लिहा संस्थेचं नाव," ते म्हणाले.