काचेवरचा काजळाचा ठिपका

परवा पणतूसाठी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं, अन् त्या वासानं ट्रान्झिस्टरच आठवला बघा. एकोणीसशे सत्तरच्या पुढची गोष्ट. मळ्यात शेलूबाजारच्या आठवडी बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधताना ट्रान्झिस्टरवर कोणतं नवं गाणं ऐकायचं, हे बायांना मीच सांगायची. मग धाकटी जाऊ आली. काटा फिरवता फिरवता तिला परदेशातलं एक स्टेशन सापडलं. गाणारं कोणी नाही, नुसतं यंत्रातून निघालेलं, पाण्यासारखं डुलणारं संगीत! जागा हरवू नये म्हणून तिनं काचेवर काजळाचा ठिपका लावला. बाया तिच्याभोवती. "तुये गाने जुने झाले वो माय," एकीनं मला टोमणा मारला. माझा जळफळाट झाला. दुपारी कोणी नाही बघून मी पदरानं ठिपका पुसला अन् काटा सरकवून ठेवला. संध्याकाळी जाऊ काटा फिरवून रडकुंडीला आली, नुसती खरखर. "कोनं पुसलं वो, जाऊबाई?" "मले काय मालूम?" तशी ती बायांना म्हणाली, "रेडिओ जाऊबाईलेच द्या. नवं शोधाले त्याइलेच जमते." सगळ्या माझ्याकडे बघत बसल्या, अन् मलाही ते स्टेशन सापडेना. आता नातीच्या मोबाइलवर तसलं संगीत वाजलं की मी ऐटीत सांगते, हे आम्ही तेव्हाच ऐकलं होतं. पहिलं कोणी शोधलं, ते मात्र अजून तोंडातून निघत नाही.