पायांना कळलेली फरशी

माझे सासरे धोंडिबा साळवे यांनी पुण्यात चाळीस वर्षं मोझॅकच्या फरश्या घातल्या. २००७ साली अमेयच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हट्टापायी ते न्यूझीलंडमध्ये पोरिरुआला आले आणि चार दिवसांत कंटाळले. "अगं, इथं जिथं तिथं कार्पेट! पायाला काही कळतच नाही," असं म्हणून माझं डोकं खायचे.

त्यातच आमच्या हॉलवर संकट आलं. आमची बुद्धवंदना तिथेच व्हायची. हॉल १९२६चा. इअन मॅकरे नावाच्या स्कॉटिश आर्किटेक्टनं तो बांधला असं सगळे सांगत. काय माणूस असेल हो! खिडक्या, दिवे, दारांच्या मुठी, सगळं स्वतः आखलेलं, आणि आजही नवं वाटावं असं. पण नकाशे हरवलेले. नव्या मालकाला तिथे पार्किंग हवं होतं. पार्किंग म्हणे, डोंबल! शुक्रवारच्या सुनावणीत हॉल मॅकरेचाच असल्याचा पुरावा दाखवला नाही, तर हॉल पडणार होता. जुन्या इमारती वाचवणाऱ्या मंडळाची फ्लोरा तज्ज्ञांना घेऊन महिनाभर भिंती, छत धुंडाळत होती. कुठे सही नाही की खूण नाही.

बुधवारी मी बाबांना घेऊन आमच्या सतरंज्या आणायला गेले. बाबांनी सवयीनं दारात बूट-मोजे काढले. जमिनीवर चिकटवलेल्या लिनोलियमच्या चादरीवरून हॉलच्या मध्यावर गेले आणि खिळल्यासारखे थांबले.

"अस्मिता, या लिनोलियमखाली मोझॅक आहे. दोन रंगांमधली पितळी पट्टी लागतेय पायाला."

"बाबा, काहीतरीच काय!"

"चाळीस वर्षं पायानंच लेव्हल बघितलीय मी. खडू आण."

डोळे मिटून ते अंगठा सरकवत निघाले, मागून मी गुडघ्यांवर रांगत खडूची रेघ ओढत. फ्लोरा आली, "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार केला, दोन मिनिटं बघत राहिली आणि तिनंही बूट काढले. तासाभरानं मी स्टेजवर चढून पाहिलं. आई गं! अख्ख्या हॉलभर न्यूझीलंडची खूण असलेलं नेच्याचं पान आणि त्याला बिलगलेलं स्कॉटलंडचं काटेरी फूल! मी अशी किंचाळले की समोरच्या डेअरीवाला धावत आला.

सगळ्या रेघा दारापाशी येऊन मिळत होत्या. फ्लोरानं परवानगीसाठी मालकाला फोन केला. "एक कोपरा उचला," म्हणून तो हसला. तिनं पात्यानं लिनोलियम उचकटलं. पितळी अक्षरं! इअन मॅकरे, १९२६! आम्ही दोघी गळ्यात पडून नाचलो.

बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते खाली बसून पुढची ओळ शर्टाच्या बाहीनं पुसत होते.

"हे कोणाचं नाव?"

फ्लोरानं वाचलं, मी सांगितलं, "टॉमस रीड. फरशीचा मिस्त्री."

"मिस्त्रीचं? साहेबाच्या नावाशेजारी? तेवढ्याच अक्षरात?" बाबा ढसाढसा रडले. मलाही आवरेना.

शुक्रवारी हॉल वाचला. तडकलेली फरशी बाबांनीच दुरुस्त केली, आणि फ्लोरा हटूनच बसली, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव पडलंच पाहिजे. बाबांनी ते तिथंच दारापाशी मराठीत घातलं. धोंडिबा साळवे, २००८.

उद्घाटनाला अमेय दारातच अडला. बापाच्या नावावर पाय कसा द्यायचा?

"अरे, टाक की पाय," बाबा म्हणाले. "फरशी आहे ती."